रांजणगडचं लग्न

भिंगार,
ता. ८ डिसेंबर १९७२

ती. सौ. आक्कास,
राधाकृष्णाचा शि. सा. न. वि. वि.

येथील सर्व क्षेम. तुझ्याकडील क्षेमकुशल कळविणे. पत्रास विलंब झाला याचे कारण डेपोतील मालाची वार्षिक मोजणी. स्टोअरकीपरला या दिवसांत स्वतःच्या घरचा पत्तासुद्धा आठवत नाही, हे तू जाणतेसच.

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या बनूसाठी एक उत्तम स्थळ आले आहे. श्रीरामपूरकडचे बागायतदार काकासाहेब यांचे चिरंजीव मच्छिंद्र. मुलगा शेतकी कॉलेजात शिकून आता घरची शेती पाहतो. कॅनॉलखालचा ऊस आहे. त्यांनी बनूस पाहिले व पसंत केले. बनू मात्र होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. डी.एड.ला घातल्यापासून तिला प्रत्येक गोष्टीचा विचार करण्याची सवय लागली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. काकासाहेबांना इतिहासाचे फार वेड. बैठकीत त्यांनी आमचे सोयरेधायरे कोण म्हणून विचारले, तेव्हा मी म्हणालो की थोरली बहीण रांजणगडावर किल्लेदाराच्या घराण्यात दिली आहे. हे माझ्या तोंडून कसे निघाले ते सांगता येणार नाही. त्यांच्या भिंतीवर दोन तलवारी टांगलेल्या होत्या, आणि माझ्याकडे टांगण्यासारखे काही नव्हते. झाले ते झाले. आता त्यांना गड पाहायचा आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी ते, त्यांची पत्नी भागूबाई आणि नवरा मुलगा यांना घेऊन मी येत आहे.

तरी कृपा करून सदरेत ज्या म्हशी बांधता त्या एक दिवसापुरत्या हलवाव्यात. दाजींनी फेटा बांधावा व शक्यतो कमी बोलावे. दुष्काळाचा विषय काढू नये, पाहुण्यांचे मन खट्टू होते. इतकी वर्षे मला गडावर येण्यास सवड झाली नाही याचा राग मनात धरू नये. धाकट्या भावावर आजवर ठेवलेला लोभ यापुढेही चालू ठेवण्याची मेहेरबानी व्हावी.

तुझा,
राधाकृष्ण

ता. क. चांगुणाचा नमस्कार. ती म्हणते, या पत्रात माझे नाव घालू नका, या भानगडीशी माझा संबंध नाही.

*

रांजणगड, ता. जामखेड,
ता. १९ डिसेंबर १९७२

चि. राधाकृष्णास,
साळूबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन गड चढत नाही, पायथ्याच्या मारुतीपाशी पत्रं ठेवून जातो. तिथून ते घागरीबरोबर वर आलं, म्हणून जरा भिजलं. यंदा गडावर भिजलेली वस्तू तेवढी एकच.

किल्लेदाराचं घराणं म्हणालास, ते अगदीच खोटं नाही. किल्लेदार घोड्यावरून आत येईपर्यंत दरवाजा उघडा धरायचं काम आमच्याकडे होतं. पुढं किल्लेदार गेला, घोडा गेला, मग दरवाजाच्या फळ्याही कुणी कुणी जळणाला नेल्या. धरायला दारच उरलं नाही, तेव्हा यांच्या आज्यानं नाइलाजानं नांगर धरला. एवढा इतिहास तुझ्या व्याह्यांना पुरे होईल ना?

म्हशी हलवायची काळजी करू नकोस. चारा संपला तसा दिवाळीतच त्यांना जामखेडकडच्या छावणीत नेऊन सोडलं. सदर मोकळी आहे. शेणाचा वास आहे थोडा, पण तो निजामशाहीपासूनचा आहे असं सांगू. तुझे दाजी रोज पायथ्याला दुष्काळी कामावर खडी फोडतात, ऊन लागू नये म्हणून फेटा बांधूनच फोडतात, तेव्हा फेट्याची सोय आहे. कमी बोलायचं म्हणालास तर त्यांचा संसार माझ्याशी झालाय, वेगळं शिकवायला नको.

दुष्काळाचा विषय मी काढणार नाही. तो आपल्या पायानं समोर आला तर माझा इलाज नाही. वरची टाकी आटली. पायथ्याला टँकर येतो आणि पहाटेपासून बायका घागरी घेऊन चढतात. पाहुण्यांनी विचारलं तर सांगेन, किल्लेदाराच्या गावात बायकासुद्धा डोक्यावर काहीतरी घातल्याशिवाय फिरत नाहीत.

एवढं सगळं लिहिलंस, पण बनूला काय वाटतं ते लिहिलं नाहीस. पोरीला विचार. डेपोतल्या मालाला विचारायची चाल नसेल, पण ती माल नव्हे.

लोभ आहे. वाढवायला इथं पाणी नाही, तेव्हा आहे तेवढ्यात भागव.

साळूबाई

*

भिंगार,
ता. १० जानेवारी १९७३

ती. सौ. आत्यास,
बनूचा सा. न. वि. वि.

दादा तुमच्याकडं येताहेत ते माहीत आहेच. मला बरोबर नेणार नाहीत. लग्न ठरलेलं नसताना मुलीनं किल्ले बघत हिंडणं बरं दिसत नाही म्हणे. म्हणून हे पत्र त्यांना न दाखवता टाकते आहे.

आत्या, दादांना मुलगा कसा आहे असं विचारलं की ते उसाबद्दल सांगतात. स्वभाव विचारला तर म्हणाले, कॅनॉलसारखा आहे, सरळ. बघायला आले तेव्हा पोहे मी दिले, प्रश्न त्याच्या वडिलांनी विचारले, आणि तेही सगळे लढायांचे. तो मुलगा पूर्ण वेळ आमच्या फरशीकडं बघत बसला होता. लाजाळू आहे का मंद आहे, मला कळलं नाही. आई म्हणाली, पंचवीस वर्षांत तिलाही दादांचं कळलेलं नाही, तेव्हा घाई करू नको.

तुम्ही त्याला नीट बघा. किल्ला, ऊस, तलवारी यांचं मी नंतर बघेन. तुम्ही जे पाहाल ते जसंच्या तसं लिहा, गोड करून लिहू नका. तुमच्याकडून तशी भीती नाहीच म्हणा. तुमच्या पत्रावर माझा होकार-नकार अडला आहे.

भाचीवरची माया पत्राच्या उत्तरातून दिसावी.

तुमची,
बनू

*

रांजणगड,
ता. २४ जानेवारी १९७३

चि. बनूस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

मंडळी आली, चढली, उतरली. सगळी जिवंत आहेत.

जीप पायथ्याला थांबली. तुझ्या दादांनी लग्नातला कोट घातला होता, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. काकासाहेबांच्या गळ्यात दुर्बीण. भागूबाई दुसऱ्या वळणापर्यंत आल्या आणि दगडावर बसल्या. काकासाहेब त्यांना म्हणाले, इथून घोडे दौडत गेले असतील अशी कल्पना कर. त्या म्हणाल्या, कल्पना केली, पण गुडघा थांबला नाही. मग मला विचारलं की हा किल्ला बांधणाऱ्याच्या घरात सुना नव्हत्या का. मला बाई आवडली.

वर टाक्याजवळच्या दगडाला चरे पडलेत. हे कशाचे म्हणून काकासाहेबांनी विचारलं. तुझ्या दादांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, तोफांच्या चाकांचे. तिथं आम्ही कोयत्यांना धार लावतो. पण कमी बोलायचं असं ठरलं होतं, म्हणून मी गप्प बसले. हे तर फेटा सावरत बुरुजाकडं बघत राहिले. खरे किल्लेदार असते तरी यापेक्षा वेगळं काही केलं नसतं.

मग काकासाहेब दरवाजाच्या मधोमध उभे राहिले आणि पूर्वजांच्या पराक्रमावर बोलायला लागले. ऐकायला गर्दी चांगली जमली, कारण डोक्यावर घागरी घेतलेल्या बायकांना आत जायला दुसरी वाट नव्हती. त्यात आमची गोजरबाई होती. अर्धा गाव दरसाल ऊस तोडायला तिकडंच जातो, आणि गोजरबाईनं तर याच काकासाहेबांच्या फडात कितीतरी हंगाम कोयता चालवलाय. त्यांनी तिला ओळखलं नाही. तुझ्या कपाळावर योद्ध्यांचं तेज आहे, असं तिला सांगितलं. गोजरबाई म्हणाली, व्हय.

आता तुझा फरशीवाला. बाप बोलत होता तेव्हा तो हळूच बाजूला झाला, आणि बापाच्या कोपराला धरून त्यालाही भिंतीकडं सरकवलं. बायका आत गेल्या. बापाला वाटलं, दुर्बीण नीट लावायला सांगतोय. मग गोजरबाईपाशी जाऊन म्हणाला की मावशी, तुम्ही इथल्या का, आणि मोडक्या शिंगाचा बैल कसा आहे. तो बैल एकदा त्यांच्या उसाच्या पाण्याच्या चारीत पडला होता म्हणे. गोजरबाईनं सांगितलं, दिवाळीत विकला, वैरण नव्हती, म्हणून यंदा तोडीला येणं झालं नाही. यावर अरेरे वगैरे काही म्हणाला नाही. नंतर दोघं कठड्यावर बसून बोलत होते. गोजरबाईला पोटात काही ठेवायची सवय नाही. किल्लेदार कोण आणि दार धरणारे कोण, हे सगळं तिनं सांगितलं. तो हसला, मी लांबून बघितलं. खाली उतरेपर्यंत बापाला एक शब्द बोलला नाही.

जेवायला रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि चटणी होती. त्यानं ओळखलं कसलं पीठ ते, आणि मुकाट्यानं खाल्ली. छान झालीय असं खोटं बोलला नाही, हा गुण समजायचा का अवगुण ते तू ठरव.

तर मंद नाही. लाजाळू आहे का, ते सांगता येत नाही. एवढं बोलणाऱ्या बापाशेजारी कुणाची लाज तपासता येत नसते. खरं कळूनही गप्प राहिला, म्हणजे एकतर मनाचा चांगला आहे, नाहीतर आतल्या गाठीचा. मला गडावरून एवढंच दिसलं. बाकीचं तू जवळून बघ.

आईला सांग, नणंदेला तिची आठवण येते. पत्रात नाव घातलं नाही तरी चालेल.

आत्या

*

भिंगार,
ता. १२ फेब्रुवारी १९७३

ती. सौ. आक्कास,
राधाकृष्णाचा शि. सा. न. वि. वि.

गडावर तू केलेल्या व्यवस्थेबद्दल आभारी आहे. काकासाहेब अतिशय भारावून गेले. इतके भारावतील अशी अपेक्षा नव्हती, आणि आता त्याचीच अडचण झाली आहे.

त्यांची इच्छा अशी की, लग्न रांजणगडावर, सदरेतच लागावे. वैशाखात. दोन्हीकडचे मिळून चारपाचशे लोक होतील. हे त्यांनी मला दहा माणसांसमोर विचारले व माझी मान हलली. ती मान माझीच होती हे मी नाकारत नाही. त्यांनी पत्रिकाही छापावयास दिल्या असून त्यात ‘रांजणगडच्या ऐतिहासिक राजसदरेत’ असे घातले आहे.

तरी गावकऱ्यांची समजूत घालावी. स्वयंपाकास आचारी येथून आणू. पाण्याचे काय ते तू पाहावेस.

बनू अजूनही विचार करीत आहे. चांगुणाने माझ्याशी बोलणे सोडले आहे. जेवण वेळेवर मिळते, त्यावरून संबंध तुटलेले नाहीत असे दिसते. अशा वेळी थोरल्या बहिणीचाच काय तो आधार. तो कमी न व्हावा ही विनंती.

तुझा,
राधाकृष्ण

*

रांजणगड,
ता. २३ फेब्रुवारी १९७३

चि. राधाकृष्णास,
आशीर्वाद.

पाण्याचं मी बघावं म्हणतोस. बघते ना. रोज बघते. परवा लंकाबाई घागर घेऊन चढताना दुसऱ्या वळणावर पडली. हात मोडला. आम्ही धावलो तर ती हाताकडं बघत नव्हती. दगडावरून ओघळत चाललेल्या पाण्याकडं बघून रडत होती. तिच्या घरी चार माणसं आहेत. तू चारपाचशे आणतोयस. चांगलं आहे. राजसदरेला शोभेल.

तरी तुझं पत्र मी चावडीवर वाचून दाखवलं, तुझी अब्रू झाकण्यापुरतं इकडंतिकडं करून. पुरुष म्हणाले, गावाचं नाव पत्रिकेत छापून येतंय, नाही कसं म्हणायचं. घागरी बायका आणतात, तेव्हा पुरुषांना नाव सुचणारच. मग गोजरबाई उभी राहिली. म्हणाली, गड कुनाच्या बापाचा न्हाई, लगीन लावा न्हाईतर बारसं करा, पन आमच्या घागरीतला थेंब मिळायचा न्हाई. ज्याला वर यायचं त्यानं आपलं पानी आपन आनावं.

तेच ठरलं. नीट वाच, कोटाच्या खिशात घालण्याआधी. लग्नाला जो गड चढेल तो भरलेली घागर घेऊन चढेल. बागायतदार असो की हवालदार. पोरांनी तांब्या आणला तरी चालेल. पाणी त्यांच्या कॅनॉलचं, पिंपं भरून पायथ्यापर्यंत त्यांनीच आणायचं. मजूर लावायचे नाहीत, कारण मजूर म्हणून ज्या बायका मिळतील त्या आम्हीच आहोत. ज्याला जमत नसेल त्यानं पायथ्याशी बसून गड बघावा, तिथून तो चांगला दिसतो.

आणखी एक, आणि हे चावडीचं नाही, माझं आहे. आमचं घराणं काय होतं ते काकासाहेबांना लग्नाआधी सांग. उद्या कुणी त्या पोरीला टोमणा मारला तर तो तुझ्या कोटाला लागणार नाही, तिला लागेल. तू सांगणार नसशील तर मी सांगेन, आणि मी सांगायला लागले की चावडीवर झाकलं तेही उघडं पडेल.

भावावरची माया आटलेली नाही. पण गाळ बराच साचलाय, तो तेवढा उपस.

साळूबाई

*

भिंगार,
ता. ८ एप्रिल १९७३

ती. सौ. आत्यास,
बनूचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण घरात बरंच काही होऊन गेलं.

तुमचं पत्र दादांनी खरोखरच कोटाच्या खिशात ठेवलं. सकाळी ते डेपोत जायचं, संध्याकाळी घरी यायचं. शेवटी आईनं कोट वाळवायला म्हणून काढला आणि पत्र माझ्या हातात दिलं, त्याच खिशातलं तुमचं डिसेंबरचं पत्रही. मी वाचलं आणि काकासाहेबांच्या नावानं पोस्टकार्ड टाकलं. पाकिटाला पैसे होते, पण उघड्या कार्डावर लिहिलेलं बरं, असं वाटलं. लिहिलं की माझ्या आत्याचं घराणं किल्लेदारांचं नाही, दार धरणाऱ्यांचं आहे. गडावरचे लोक दरसाल तुमच्याच भागात ऊस तोडायला येतात. घागरींची अट अशी आहे. पटत नसेल तर आमचा काही राग नाही.

दादांना कळलं तेव्हा ते म्हणाले की मुलीनं होणाऱ्या सासऱ्याला पत्र लिहिण्याचा प्रकार आमच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. आई कितीतरी दिवसांनी बोलली. म्हणाली, सात पिढ्यांत कुणी बहिणीला किल्लेदारीणही केलं नव्हतं.

मग बरेच दिवस उत्तर नाही. मी धरून चालले की संपलं. पहिले दोन दिवस मोकळं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून पोस्टमनची वाट बघायला लागले आणि माझाच मला राग आला.

आणि गेल्या रविवारी मच्छिंद्र स्वतःच आले. एस.टी.नं, एकटे, न कळवता. दादा अंघोळीला गेले होते ते बाहेरच येईनात. मच्छिंद्रनी सांगितलं की कार्ड वाचून वडील एक दिवस जेवले नाहीत. मग यांनी सांगितलं की मला जानेवारीपासूनच माहीत होतं. का सांगितलं नाहीस म्हणून वडील ओरडले, तर हे म्हणाले, त्या दिवशी तुम्ही इतके खुशीत होता, माझ्यानं सांगवेना. शेवटी वडीलच म्हणाले, आता पत्रिका संगमनेरपर्यंत वाटून झाल्यात, तेव्हा इतिहास बदलून चालणार नाही. घागरींची अट मान्य आहे. काकासाहेबांचं म्हणणं एवढंच, की ‘दार धरणारे’ म्हणू नये, ‘द्वाररक्षक’ म्हणावं.

मग मच्छिंद्रनी मला विचारलं की तुम्हाला हे लग्न करायचं आहे का. आत्या, आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही दादांना विचारायला सांगितलंत, पण दादांनी ते सांगणंही खिशातच ठेवलं. मी उत्तर द्यायच्या आधी त्यांना विचारलं, बघायला आलात तेव्हा फरशीकडं का बघत होतात. ते म्हणाले, एक फरशी उलटी बसली आहे, सांगावं की सांगू नये ते ठरत नव्हतं. मी उठून पाहिलं. कोपऱ्यातली फरशी खरंच उलटी आहे. मी रोज तिच्यावरून चालते.

मी हो म्हटलं.

गावातल्या सगळ्यांना नमस्कार सांगा, लंकाबाईंचा हात कसा आहे ते कळवा. तुमची माया पाठीशी असावी, पुढं लागणार आहे.

तुमची,
बनू

*

भिंगार,
ता. २४ मे १९७३

ती. सौ. आक्कास,
राधाकृष्णाचा शि. सा. न. वि. वि.

लग्नकार्य निर्विघ्न पार पडले असे म्हणण्याची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. मी पाठीला शेक घेत पडून आहे. तू मला पायथ्याशी पिंपांवर बसविलेस. मी स्टोअरकीपर आहे, हे काम मलाच जमेल असे म्हणालीस. मला ते भूषणावह वाटले. प्रत्यक्षात दिवसभर वाकून घागरी भरून दिल्या, आणि पोटच्या मुलीचे लग्न खालून, वाजंत्र्यांच्या आवाजावरून पाहिले. अक्षता पडल्या तेव्हा मी एका पिंपाची चावी बंद करीत होतो.

माझ्या ध्यानात आले नाही ते असे, की एकदा वर गेलेली माणसे रिकाम्या घागरी घेऊन पुन्हा पुन्हा खाली का येत होती. काकासाहेबांचे पुतणे तर चारचारदा आले. डेपोतले माझे सहकारी, जे एरवी टेबलावरची फाईल उचलावयास शिपाई बोलावतात, तेही धापा टाकीत येत होते. सगळेच रागावलेले दिसत होते, आणि कुणी काही सांगत नव्हते. वर नक्की काय झाले, ते कळवावे.

बनू सासरी सुखरूप पोचली. चांगुणा माझ्याशी बोलू लागली आहे, त्यामुळे विश्रांती मिळत नाही. तू लांब आहेस म्हणून माया लांब जाऊ देऊ नये.

तुझा,
राधाकृष्ण

*

रांजणगड,
ता. २ जून १९७३

चि. राधाकृष्णास,
साळूबाईचे अनेक आशीर्वाद.

पाठीला एरंडाचं तेल लाव. तुला खाली बसवलं ते तुझ्या भल्यासाठीच. वर असतास तर कुठलं ना कुठलं घराणं काढून बसला असतास.

आता वर काय झालं ते सांगते. वऱ्हाड दिवस उजाडताना चढायला लागलं. बागायतदारांना पाणी पाटानं वाहताना बघायची सवय, डोक्यावर घ्यायची नाही. अर्ध्यांचं पाणी पहिल्या वळणावरच अंगावर सांडलं. काकासाहेबांनी घागर खांद्यावर घेतली होती. दुसऱ्या वळणावर त्यांचा दम संपला, पाय हलेना. मागं गोजरबाई होती. ती म्हणाली, मालक, फड लांब हाय अजून, पाय उचला. बहुतेक हे त्यांचंच फडातलं बोलणं असावं, कारण ते गर्रकन वळले. तिच्याकडं बघत राहिले. मग विचारलं, तू आमच्या उसात होतीस का. ती म्हणाली, लई वर्सं हुते. त्यांनी घागर खाली ठेवली, दगडावर बसले, कपाळ पुसलं. मी वरून बघत होते, मला वाटलं आता उतरतात माघारी. पण उठले, घागर उचलली आणि चढले. वर आल्यावर बुरुजाकडं गेले नाहीत, भाषण केलं नाही. सदरेच्या कोपऱ्यात बसून पाणी मागितलं, आणि दिलं तेवढं सगळं न पिता निम्मं परत केलं.

मुहूर्त टळला तो जावयापायी. भटजी अंतरपाट धरून उभे, बनू एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला कुणी नाही. भागूबाई वाटेत बसल्या होत्या. जावई त्यांची घागर वर आणून ठेवून परत त्यांना आणायला उतरले होते. भटजी चिडले, म्हणाले, वधू तरी गंभीर राहू द्या. कारण तुझी मुलगी अंतरपाटाआड हसत होती. मी तिला दटावायला गेले आणि मलाच हसू आलं. दुसरा मुहूर्त भटजींनी काढला. मुहूर्त असतात रे, काढणारा दमलेला असला की लवकर सापडतात.

आता तुझा प्रश्न. पंगती उठल्यावर मी काकासाहेबांच्या पुतण्यांपाशी सहज म्हणाले की भिंगारच्या डेपोवाल्यांनी दोनदा खेपा घातल्या, नोकरदार असून. मग डेपोवाल्यांपाशी गेले आणि म्हणाले, श्रीरामपूरकरांची तिसरी खेप चाललीय, शेवटी मातीतली माणसं ती. तोवर कुणीच दुसरी खेप घातली नव्हती. पण घातली. मग गोजरबाईनं दरवाजात बसून, कुणाच्या घागरीला किती पाणी कमी आलं ते मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. त्यानंतर मला काही बोलावं लागलं नाही. ऊन उतरेपर्यंत तुझी पिंपं रिकामी झाली. लंकाबाईचा रांजण पहिल्यांदा भरला. तिचा हात अजून फळीत आहे. मग घरोघरचे रांजण, हंडे, शेवटी आचाऱ्यांच्या काहिलीसुद्धा. काहिली आम्ही अजून परत केलेल्या नाहीत, आचाऱ्याला तसं सांग.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायका सवयीनं पहाटे उठल्या. घागर घेऊन दारापर्यंत आल्या, आणि आठवल्यावर परत जाऊन झोपल्या. ऊन अंगणात येईपर्यंत गावातल्या बायका झोपलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. पुरुष घाबरले, त्यांना वाटलं गावात साथ आली. हे मला हळूच येऊन विचारून गेले, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, फार बरं वाटतंय, दार लावून घ्या.

आठ दिवस पुरलं ते पाणी. काल संपलं. आज पुन्हा सगळ्या खाली गेल्या होत्या, मीही.

तर आता एक काम कर. तुझ्या डेपोत कुणाकुणाच्या मुली लग्नाच्या आहेत ते बघ. ज्येष्ठात तिथी आहेत म्हणतात. सदर झाडून ठेवली आहे. माणसं धट्टीकट्टी असावीत, आणि शक्यतो एकमेकांशी पटत नसावं. गोजरबाईनं आठवणीनं लिहायला सांगितलंय.

माया आहे. यंदा थोडी वाढली, असं समज.

साळूबाई